भांडखोर करिंथकर आणि ‘पवित्र जन’

(दृश्य: प्राचीन करिंथचे अवशेष. दगडी रस्ता, मागे डोंगर.)

इसवी सन ५० नंतरची चार-पाच वर्षं. करिंथ. दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावरचं, दोन बंदरांचं गजबजलेलं शहर. कुणाच्या तरी घरी काही माणसं जमली आहेत. मालक आहेत, गुलाम आहेत, बायका आहेत, यहुदी आहेत, ग्रीक आहेत. इफिस शहरातून प्रेषित पौलाचं, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्याचं, पत्र आलंय. वाचता येणारे थोडे, ऐकणारे सगळे.

पहिल्या काही ओळींतच पौल या मंडळींना एक नाव देतो. ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले, पवित्र जन होण्यासाठी बोलावलेले.

मग पत्र पुढे सरकतं आणि या पवित्र जनांचे एकेक प्रताप बाहेर येऊ लागतात. मंडळीत तट पडलेत. कुणी म्हणतो मी पौलाचा, कुणी अपुल्लोस नावाच्या उपदेशकाचा, कुणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. एकानं बापाची बायको ठेवलीय आणि बाकीचे त्यावर गप्प आहेत, उलट तोऱ्यात आहेत. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकरी-प्याल्याच्या जेवणाला, जमतात तेव्हा कुणी उपाशी राहतो आणि कुणी पिऊन झिंगतो. पौल त्यांना चांगलाच फैलावर घेतो. पण सुरुवातीला दिलेलं नाव काही मागे घेत नाही.

मराठी कानाला ‘संत’ म्हटलं की साधनेनं, भक्तीनं उंच गेलेली माणसं आठवतात. ख्रिस्ती मंडळीही संत पेत्र, संत पौल, संत फ्रान्सिस असंच म्हणतात. मराठी बायबलात मात्र या पत्रांमध्ये ‘पवित्र जन’ भेटतात. ग्रीकमध्ये दोन्हींसाठी शब्द एकच आहे, हागिओस. तोच शब्द आसिसीच्या फ्रान्सिसला लागतो आणि करिंथच्या त्या भांडखोरांनाही. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आणखी मागे जावं लागतं, जुन्या करारात.

(दृश्य: हिब्रू लिपीतली गुंडाळी. बोटाच्या आकाराची काठी ओळींवरून सरकते.)

तिथे पवित्र म्हणजे आधी देवाचं म्हणून वेगळं राखलेलं. मोशे जळत्या झुडपाजवळ जातो तेव्हा त्याला सांगितलं जातं, पायातलं काढ, ही भूमी पवित्र आहे. त्या मातीत वेगळं काही नव्हतं. तिथे देव होता. शब्बाथाचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा, दिवस पवित्र, मंदिरातली भांडी पवित्र. दिवसाला किंवा भांड्याला सदाचार नसतो. ते कुणाचं आहे, एवढाच तिथे प्रश्न.

माणसांच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात देव मोशेला सांगतो की इस्राएलाच्या सगळ्या मंडळीला हे सांग: ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे.’ सगळ्या मंडळीला. निव्वळ याजकांना नाही.

आणि त्यानंतर काय येतं ते सावकाश ऐकण्यासारखं आहे. कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नका. खाली पडलेली कणसं वेचू नका, द्राक्षमळ्यात गळलेली द्राक्षं गोळा करू नका. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. तराजू खरा ठेवा, वजनं खरी ठेवा. या अध्यायात यज्ञांचे आणि बी-बियाण्यांचे नियमही आहेत, पण पावित्र्याचा जास्त पत्ता लागतो तो शेताच्या बांधावर आणि तराजूच्या पारड्यात. बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला ती ऐकूही जाणार नाही. कुणाला कळणार नाही अशा त्या जागी देव स्वतःचं पावित्र्य पणाला लावतो. पवित्रतेबद्दल याहून नेमकं सांगणारी ओळ मला दुसरी माहीत नाही.

पुढे जखऱ्या संदेष्ट्याला एक दिवस दिसतो. महायाजकाच्या कपाळावर सोन्याची पट्टी असायची आणि तिच्यावर कोरलेलं असायचं, ‘परमेश्वरासाठी पवित्र’. जखऱ्या म्हणतो, त्या दिवशी हेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमातलं प्रत्येक भांडं परमेश्वरासाठी पवित्र असेल. याजकाच्या कपाळावरचे शब्द थेट तबेल्यात आणि चुलीपाशी आलेले त्याला दिसतात.

(दृश्य: पपायरसच्या पानावरची ग्रीक अक्षरं.)

ही परंपरा मनात ठेवली की पौलाची पत्रं वेगळी ऐकू येतात. नव्या करारात ‘पवित्र जन’ जवळजवळ नेहमी अनेकवचनी आहेत. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या शेवटी एकदा एकवचन येतं, पण तेही ‘प्रत्येक पवित्र जनाला सलाम सांगा’ असं. एकट्यानं पवित्र जन होण्याची कल्पना या पत्रांना ठाऊकच नाही. आणि ही माणसं जिवंत आहेत. त्यांना निरोप पाठवता येतो, त्यांची कानउघाडणी करता येते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातल्या पुस्तकात हा शब्द माणसांसाठी पहिल्यांदा येतो तो भीतीच्या प्रसंगात. दमास्कसमध्ये हनन्याला दृष्टांत होतो: शौल नावाच्या माणसाकडे जा. हनन्या कचरतो. प्रभू, यानं यरुशलेमात तुझ्या पवित्र जनांचं किती वाईट केलंय हे मी पुष्कळांकडून ऐकलंय. हा शौल म्हणजेच पौल. पुढे अग्रिप्पा राजासमोर तो स्वतःच कबूल करतो की मी पुष्कळ पवित्र जनांना तुरुंगात डांबलं.

हनन्याची गोष्ट आहे त्याच अध्यायात, यापो गावी तबीथा नावाची विश्वासी बाई वारलेली आहे. पेत्र येतो तेव्हा विधवा रडत उभ्या आहेत आणि तबीथानं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवताहेत. पेत्राच्या प्रार्थनेनंतर ती जिवंत होऊन उठून बसते, तेव्हा तो पवित्र जनांना आणि विधवांना आत बोलावतो. पवित्र जन म्हणजे इथे शेजारपाजारची, दाराशी थांबलेली मंडळी.

रोमकरांच्या पत्राच्या शेवटी नावांची रांगच आहे. फिललोगस, युलिया, नीरिया आणि त्याची बहीण, आणि त्यांच्याबरोबरचे सगळे पवित्र जन. त्या रांगेतली बरीच नावं तेव्हाच्या गुलामांमध्ये आणि सुटका झालेल्या गुलामांमध्ये आढळणारी. नीरियाच्या बहिणीचं तर नावही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

करिंथकरांच्या पत्राकडे पुन्हा येऊ, कारण त्याच्या शेवटच्या अध्यायात पैशांची गोष्ट आहे. पौल लिहितो, पवित्र जनांसाठी वर्गणी काढायची आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं. हे पवित्र जन म्हणजे यरुशलेमातले गरीब विश्वासी. ज्या गावच्या पवित्र जनांना त्यानं कधीकाळी तुरुंगात टाकलं, त्यांच्याच पोटासाठी आता तो गावोगाव वर्गणी गोळा करतोय. शेताची कड गरिबासाठी सोडा, हा लेवीयातला नियम इथे आठवड्याच्या बचतीत उतरलेला दिसतो.

(दृश्य: स्मुर्ना, आजचं इझमिर. समुद्र आणि जुनी बाजारपेठ.)

मग हा शब्द सगळ्यांचा होता तो थोड्यांचा कधी झाला? एका दिवसात झाला नाही. पण एक वळण स्मुर्ना शहरात दिसतं, साधारण १५५च्या सुमाराला. म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमी अधिकाऱ्यापुढे उभा आहे. ख्रिस्ताला नाकार, सोडून देतो, असं त्याला सांगितलं जातं. तो म्हणतो, ८६ वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काहीच वाईट केलं नाही. मग मला तारणाऱ्या राजाची निंदा मी कशी करू?

त्याला जाळण्यात आलं. त्याच्या मंडळीनं लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. रत्नांहून मोलाची त्याची हाडं आम्ही गोळा केली, योग्य जागी ठेवली, आणि त्याच्या मरणाचा दिवस ‘जन्मदिवस’ म्हणून तिथे जमून पाळू, असं त्यात लिहिलंय. त्याच पत्रात हेही स्पष्ट केलंय की उपासना आम्ही देवाच्या पुत्राची करतो. रक्तसाक्षींवर, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांवर, मात्र प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो.

या वळणाला मी घसरण म्हणणार नाही. आपली माणसं जाळली जात असताना त्यांची नावं जपून ठेवणं हेही भक्तीचंच काम होतं. छळ थांबल्यावर रक्तसाक्षींबरोबर तपस्वी आणि बिशप यांचीही नावं आदरानं घेतली जाऊ लागली. आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप मार्टिन ३९७ मध्ये वारला. तो रक्तसाक्षी नव्हता, तरी लोकांनी त्याला संत मानलं. संत कोण ते तेव्हा लोकच ठरवत, आणि स्थानिक बिशप त्याला मान्यता देत.

पुढे रोमनं हे काम हाती घेतलं. पोपनं संत घोषित केल्याची पहिली नोंद ९९३ची, ऑग्सबुर्गच्या उलरिखची. १२३४ मध्ये नववा ग्रेगरी यानं हा अधिकार पोपकडेच राखला. मग चौकशा आल्या, साक्षी आल्या, चमत्कारांची तपासणी आली, विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारीही आला. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी ही पद्धत बदलून बरीच सुटसुटीत केली. कोलकात्याच्या मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या आणि २०१६ मध्ये संत घोषित झाल्या.

यात एक गोष्ट नेहमी निसटते. कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार घोषणेमुळे कुणी संत होत नाही. ती व्यक्ती देवाजवळ आहे, एवढंच चर्च खात्रीनं सांगतं. ज्यांची घोषणा कधीच झाली नाही अशांसाठीही १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आहे.

प्रोटेस्टंट मंडळींनी १६व्या शतकात वेगळा रस्ता धरला. १५३०च्या ऑग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे त्यांच्या विश्वासाच्या निवेदनात, म्हटलंय की संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, पण त्यांचा धावा करावा असं शास्त्र शिकवत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही. पण १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं चर्चविषयीच्या आपल्या घोषणापत्रात एक अख्खा अध्याय पवित्रतेच्या सार्वत्रिक पाचारणाला दिला, तेव्हा कॅथलिक चर्चही पौलाच्या त्या जुन्या अनेकवचनाकडे वळलं. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘शेजारच्या घरातले संत’ असा शब्दप्रयोग केला: मुलांना मायेनं वाढवणारे आईबाप, घर चालवण्यासाठी राबणारी माणसं, आजारी माणसं.

(दृश्य: पौर्वात्य चर्चमधली उपासना. वेदीपाशी धर्मगुरू.)

या सगळ्या घोषणांहून जुना एक सवाल-जवाब आहे. चौथ्या शतकातल्या यरुशलेमच्या उपासनेत तो आढळतो. लोकांना भाकरी आणि प्याला देण्याआधी धर्मगुरू म्हणतो, ‘पवित्र वस्तू पवित्र जनांसाठी.’ हे ऐकून लोक ‘होय, आम्ही पवित्र’ असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘एकच पवित्र, एकच प्रभू, येशू ख्रिस्त.’ यरुशलेमचा बिशप सिरिल याच्या नावावर असलेल्या प्रवचनांमध्ये याचा अर्थ सांगितलाय: तो एकटाच स्वभावानं पवित्र, आपणही पवित्र, पण स्वभावानं नाही. त्याच्यात सहभागी झाल्यानं, साधनेनं आणि प्रार्थनेनं.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा सवाल-जवाब आजही होतो, आणि त्यानंतरच लोक पुढे होऊन भाकरी आणि प्याला घेतात.