विसर्ग किती आणि साठा किती

(अंबाजोगाईतल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाची सगळी मंडळी आणि मित्रहो,

समोरच्या रांगांत पांढऱ्या केसांची माणसं बसली आहेत आणि मागे भिंतीला टेकून कॉलेजची पोरं उभी आहेत. मागच्यांना माझा विषय ठाऊक आहे. पुढच्यांना पाणी ठाऊक आहे. आज मला दोघांचीही गरज पडणार आहे, म्हणून कुणी लवकर उठू नका.

विषय आहे ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या, स्पर्धा लाइव्ह किती लोक बघतात, ते कसं मोजायचं आणि दोन स्पर्धांचे आकडे शेजारी कसे ठेवायचे. पत्रिका वाचून एका काकांनी फोनवर विचारलं, "सर, पोरांच्या मोबाइलच्या खेळावर व्याख्यान?" मी म्हटलं, काका, खेळावर नाही, मोजण्यावर आहे. मी संख्याशास्त्र शिकवतो. मोजणी चुकली की माणसाचं नुकसान होतं, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटी चार कोसांवर दुसऱ्या गावात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची नोंद झाली तर अतिवृष्टी. वावर वाहून गेलं, पण मापक कोरडं राहिलं, तर कागदावर काहीच झालेलं नसतं. हे दुःख आपलं आहे आणि माझ्या विषयाचा गाभाही हाच आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी यात पडलो तो सांगतो. तो लांब आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या कॉलेजातल्या चार पोरांनी एका दिवाळीच्या सुट्टीत बीजीएमआयची स्पर्धा भरवली. हा मोबाइलवरचा बंदुकीचा खेळ, त्यात खेळायचं मैदान, म्हणजे झोन, आकसत जातं. एकाच्या चुलत्याच्या किराणा दुकानावरची खोली, एक इन्व्हर्टर, दोन जुने कॉम्प्युटर. सामन्याचं वर्णन मराठीत, म्हणजे आपल्या मराठीत. "अरे पळायलाय बघ, झोन बंद होतोय, पळ की लेका!" असं. मी तीन रात्री त्या खोलीत बसून होतो आणि तुम्हाला मनापासून सांगतो, गावातल्या कुस्त्यांच्या दंगलीत जो जीव असतो तो त्या खोलीत होता. बक्षिसाला मोंढ्यातल्या एका खत-बियाण्याच्या दुकानदारांनी पैसे दिले होते. माणूस सरळ. त्यांनी एकच विचारलं, "सर, लोकं किती बघायलेत ते शेवटी सांगा."

शेवटच्या सामन्याला यूट्यूबवर एका क्षणी ४१२ वॉचिंग दिसलं. पोरांनी स्क्रीनशॉट काढला आणि जाऊन खरं सांगितलं, ४१२. त्याच महिन्यात दुसऱ्या तालुक्यातल्या एका मंडळींनी त्या दुकानदार शेठना सांगितलं, आमची स्पर्धा वीस हजार लोकांनी पाहिली. पुढच्या वर्षी शेठ तिकडे गेले. त्यांचा काय दोष? चारशे कुठे आणि वीस हजार कुठे.

पोरं माझ्याकडे आली. एकाच्या डोळ्यात पाणी होतं. खरं सांगा असं मीच त्यांना सांगितलं होतं, म्हणून मी त्या दुकानात गेलो आणि दोन्ही व्हिडिओ शेठच्याच मोबाइलवर उघडले. वीस हजार हे व्ह्यूज होते. स्पर्धा संपून तीन आठवडे झाले होते, तेवढ्या दिवसांत कुणी उघडलं, कुणी दहा सेकंदांत बंद केलं, कुणी तीनदा उघडलं, ते सगळं त्यात आलेलं. आमचे ४१२ हे एका क्षणी एकाच वेळी बसलेले लोक. शेठ थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "सर, मोटर किती एचपीची हाय त्याच्यावरून विहिरीत पाणी किती ते सांगतेत का?" मग दुसरा प्रश्न आला. "बरं, मग दोघांचं पाणी किती?"

तिथे मी अडलो. आमच्या पोरांचा वॉच टाइम, म्हणजे सगळ्यांनी मिळून किती वेळ पाहिलं तो आकडा, त्यांच्या चॅनेलच्या स्टुडिओत, म्हणजे चॅनेलवाल्यालाच दिसणाऱ्या पानावर, दिसत होता. समोरच्यांचा त्यांच्या स्टुडिओत, कुलपाआड. बाहेरच्या माणसाला व्ह्यूज सोडले तर फक्त वॉचिंगचा आकडा दिसतो आणि तोही प्रक्षेपण चालू आहे तोवर. एकदा संपलं की गेला. पाऊस पडून गेल्यावर अंगणात पर्जन्यमापक ठेवून काय उपयोग? त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही.

शेठनी विहीर म्हटलं, मी धरण घेतो. नाथसागराचे दरवाजे उघडले की आपण सगळे क्युसेकमध्ये बोलायला लागतो. पैठणहून इतके हजार क्युसेक सोडले, गंगाकाठच्या गावांनी सावध राहावं. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला जाणारे घनफूट. आणि साठा आपण टीएमसीत बोलतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग पूर्ण एक दिवस चालला की एक टीएमसी पाणी जातं. नाथसागराचा एकूण साठा १०२ टीएमसीच्या आसपास, त्यातला जिवंत साठा साधारण साडेशहात्तर. धरणात पन्नास हजार क्युसेक पाणी आहे असं कुणी म्हणालं तर पैठणचं शाळकरी पोरगंही त्याला थांबवेल. मग प्रेक्षकांच्या बाबतीत हीच चूक आपण रोज पेपरात वाचतो आणि कुणी थांबवत का नाही?

पोरं ज्याला 'पीक' म्हणतात, एका क्षणी सर्वांत जास्त किती लोक होते, तो क्युसेक. सगळ्यांनी मिळून किती तास पाहिलं, हावर्स वॉच्ड, तो टीएमसी. त्या एकूण तासांना प्रक्षेपण जितके तास चाललं त्यानं भागलं की सरासरी प्रेक्षक मिळतात. वेगवेगळी माणसं किती, हे म्हणजे किती वावरांना पाणी पोचलं. आणि व्ह्यूज म्हणजे दरवाजा किती वेळा उघडला. पाचही आकडे खरे असतात, पण पाच वेगळ्या गोष्टींचे असतात.

१९ नोव्हेंबर २०२३ हा रविवार तुम्हाला आठवतो, मला माहीत आहे. अहमदाबादचा अंतिम सामना, नको त्या आठवणी. त्या दिवशी हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. त्याच रविवारी सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये लीग ऑफ लेजेंड्स या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना होता. टी-वन संघानं वेइबो गेमिंगला ३-० हरवलं. प्रेक्षक बाहेरून मोजणाऱ्या एस्पोर्ट्स चार्ट्स या कंपनीच्या मोजणीनुसार तिथला पीक चीन सोडून ६४ लाखांच्या आसपास गेला. तोवरचा ई-स्पोर्ट्सचा विक्रम २०२१ मध्ये सिंगापूरला झालेल्या फ्री फायर या मोबाइलच्या खेळाच्या स्पर्धेचा होता, सुमारे ५४ लाखांचा. ५.९ कोटी आणि ६४ लाख, दोन्ही एका क्षणाचे आकडे आहेत, म्हणून शेजारी ठेवता येतात. आपल्या क्रिकेटचा नववा हिस्सा. मागची पोरं नाराज झालेली दिसतात. नाराज होऊ नका. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा इस्रोच्या यूट्यूबवर एका वेळी ८० लाखांवर लोक होते. एक खेळ, तोही मोबाइलवरचा नव्हे, कॉम्प्युटरवरचा, त्याच्या जवळ जातो, ही लहान गोष्ट नाही.

पण २३ फेब्रुवारी २०२५ ला भारत-पाकिस्तान सामन्यात जिओहॉटस्टारच्या पडद्यावर ६० कोटी दिसले. मला त्या संध्याकाळी कितीतरी जणांनी फोन केला, "सर, सव्वा वर्षात दहापट!" दहापट नव्हे. ते व्ह्यूज होते. सामना जसा पुढे सरकतो तसा तो आकडा वाढतच जातो, कधी खाली येत नाही. कधीच खाली न येणारा आकडा दिसला की समजा, तो विसर्ग नाही.

अजून एक उदाहरण, मला हे फार आवडतं. २०१९ ची लीग ऑफ लेजेंड्सची जागतिक स्पर्धा. खेळाची मालक कंपनी रायट सांगते, पॅरिसच्या अंतिम सामन्याला एका क्षणी ४ कोटी ४० लाख लोक होते आणि सरासरी मिनिटाला २ कोटी १८ लाख. एस्पोर्ट्स चार्ट्स सांगतं, साऱ्या स्पर्धेचा पीक ४० लाखांच्या किंचित खाली, आणि तोही अंतिम सामन्यात नव्हे, माद्रिदला झालेल्या कोरियाच्या एसकेटी आणि युरोपच्या जी-टू यांच्या उपांत्य सामन्यात! खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. रायटनं चीन धरलाय. बाहेरून मोजणाऱ्याला चीन धरता येत नाही, कारण तिथल्या हुया-दोऊयूसारख्या मंचांवर दिसतो तो लोकप्रियतेचा निर्देशांक, डोकी नव्हेत. पॅरिसला एका बाजूला चिनी संघ होता आणि तो ३-० जिंकला. म्हणजे बहुतेक प्रेक्षक मापकाच्या बाहेर आणि सामनाही लवकर आटोपला. पुन्हा तेच. पाऊस एका गावात, मापक दुसऱ्या गावात.

आता सप्ताहाकडे येतो. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताह गावोगावी होतो. काल्याच्या कीर्तनाला, महाप्रसादाला माणूस मावत नाही. प्रसादाला येण्यात काही कमीपणा नाही, तोही भाविकच. पण सात दिवस वीण्याचा पहारा देणारी माणसं वेगळी मोजायला नकोत का? लाइव्ह प्रक्षेपणात असाच प्रसाद असतो, त्याला ड्रॉप म्हणतात. इतका वेळ बघा, तुम्हाला बंदुकीचा रंग मिळेल, कोड मिळेल. एप्रिल २०२० मध्ये व्हॅलोरंट हा खेळ चाचणीसाठी निघाला तेव्हा ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या मंचावर प्रक्षेपण बघणाऱ्यांनाच प्रवेशाची चावी मिळत होती. कंपनीनं सांगितलं, एका दिवसात ३ कोटी ४० लाख तास पाहिलं गेलं, पीक १७ लाख. आता चोवीसनं भागा. सरासरी निघते १४ लाखांवर. पीक १७ आणि दिवसभराची सरासरी १४? पॅरिसच्या सामन्यात सरासरी पीकच्या निम्मी होती, आणि तो तर काही तासांचा सामना. चोवीस तास इतकी सपाट रेघ राहते, कारण लोक प्रक्षेपण चालू ठेवून झोपतात. चावी हवी असते. आकडा खोटा नाही, पण त्यातले किती जण जागे होते हे तो सांगत नाही.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मी मुख्य म्हणून जे सांगायला आलो ते अजून पुढेच आहे, तेव्हा आता भराभर सांगतो, पोरांनो लिहून घ्या.

दोन स्पर्धा शेजारी ठेवायच्या तर आधी हद्द सारखी करा. एकीत फक्त आयोजकाचं चॅनेल आणि दुसरीत प्रत्येक नावाजलेल्या खेळाडूची वॉच पार्टी, म्हणजे तोच सामना त्यानं आपल्या चॅनेलवर दाखवलेला, धरली, तर ती तुलनाच नव्हे. हिंदी, तमिळ, तेलुगू प्रक्षेपणं वेगळ्या व्हिडिओंवर चालतात, ती विसरली की निम्मं पाणी विसरलं. टीव्हीचा आकडा यात मिसळू नका. २०२२ मध्ये बीजीएमआय मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्स २ वर दिसली होती. टीव्हीची मोजणी निवडक घरांत यंत्रं बसवून केलेला अंदाज असतो, यूट्यूबचा आकडा चालू उपकरणांची मोजदाद. आणि पारावर एका मोबाइलभोवती पाच पोरं असली तरी तो एकच धरतो. उलट, दुसऱ्याच पानाच्या कोपऱ्यात आपोआप सुरू झालेलं प्रक्षेपणही तो एक प्रेक्षक धरू शकतो.

एकूण तासांवरून भुलू नका. समजा एक स्पर्धा ३० तास चालली, सरासरी २०,००० लोक. झाले ६ लाख तास. दुसरी १२० तास चालली, सरासरी ८,०००. झाले ९ लाख ६० हजार. तासांत दुसरी मोठी, पण एखाद्या संध्याकाळी दुकानाची पाटी कुठे जास्त जणांना दिसेल? पहिलीत. म्हणून तास, सरासरी आणि पीक हे तिन्ही एकत्र मागा, आणि प्रक्षेपण किती तास चाललं ते सोबत. सरासरी पीकचा किती हिस्सा आहे ते बघा. वर्षावर्षाची तुलना करताना मधे खेळ बंद होता का तेही लिहा. बीजीएमआय जुलै २०२२ ला स्टोअरमधून निघाला आणि मे २०२३ ला परतला. या मधल्या काळाचे आकडे पडले म्हणून लोकांची आवड गेली असं म्हणणारा माणूस बंद कालव्याकडे बोट दाखवून दुष्काळ म्हणतो आहे.

नोंद तुम्ही स्वतः ठेवू शकता, पैसा लागत नाही. यूट्यूबची एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रामनं यूट्यूबला थेट माहिती विचारायची सोय, दिवसाला १०,००० युनिट फुकट देते. व्हिडिओची माहिती विचारायला एक युनिट लागतं आणि एका विचारण्यात ५० व्हिडिओ बसतात. दर मिनिटाला एकदा विचारलं तरी दिवसाची १,४४० झाली. चॅनेलवाल्यानं आकडा लपवला नसेल तर त्यात त्या क्षणाचे प्रेक्षक येतात. वेळ आणि आकडा, एवढे दोनच रकाने वहीत, म्हणजे एक्सेलमध्ये, उतरवत जा. दर पाच मिनिटांनी घेऊ नका, शेवटच्या झोनमधली उसळी दोन मिनिटांची असते, ती निसटते. सगळ्या नोंदींची सरासरी काढा, तासांनी गुणा, एकूण तास मिळाले. शेजारच्या तालुक्याच्या स्पर्धेची नोंदही तशीच ठेवा, त्यांना न विचारता ठेवता येते, आकडा उघड्यावरच असतो.

त्या चार पोरांनी यंदा परत स्पर्धा ठेवली आहे, त्याच खोलीत. मोंढ्यातल्या शेठना मी अजून काही मागितलेलं नाही. पहिला सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी नोंद चालू करायची आणि बक्षीस समारंभानंतर दहा मिनिटांनी बंद, असं आमचं ठरलं आहे. वही घेऊन मग मी आणि पोरं दुकानात जाणार आहोत.