मुरघास आणि वाळलेली वैरण

सेंद्रिय शेतात नत्र खताच्या पोत्यातून येत नाही. ते द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून येते. त्यामुळे वैरणीच्या रानातही गवताच्या जोडीला लसूणघास किंवा चवळी हटकून पेरलेली असते. हा चारा जनावरांना पौष्टिक आणि रुचकर असला, तरी साठवणुकीला मात्र भारी हट्टी असतो.

वाळवायला घेतला, तर देठाच्या आधी पान वाळते आणि भर उन्हात उलटताना त्याचा चुरा होऊन ते मातीत मिळते. प्रथिने तर बहुतांशी पानांतच असतात. म्हणून सकाळी, पानांवर थोडे दव असतानाच, कापलेल्या चाऱ्याच्या ओळी हलक्या हाताने उलटतात. गंजी रचण्यापूर्वी ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास उतरलेला हवा. मूठभर देठ दोन्ही हातांनी पिळल्यावर ते चिवटपणे वळले आणि ओल जाणवली, तर आणखी एक ऊन द्यावे लागते. येथे घाई परवडत नाही, कारण ओलसर गंजी आतून तापत जाते आणि काही दिवसांनी आपोआप पेटूही शकते.

मुरघासात, म्हणजे हवाबंद खड्ड्यात आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्यात, अडचण वेगळी असते. द्विदल चाऱ्यात साखर कमी असते आणि तो सहजासहजी आंबटही होत नाही. सेंद्रिय शेतात युरिया वापरता येत नाही आणि रासायनिक संरक्षकेही सहसा चालत नाहीत. तेव्हा सारी भिस्त चाऱ्यावर मुळातच असलेल्या लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंवर राहते. त्यांना साखर मिळावी, म्हणून चिकात आलेला मका किंवा ज्वारी मिसळतात. कापलेला चारा थोडा सुकवून त्याची एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करतात. ती मुठीत दाबल्यावर पाणी न गळता गोळा टिकला आणि हात केवळ ओलसर झाला, म्हणजे ओल बेताची आहे.

यानंतरचे काम अंगमेहनतीचे आहे: खड्ड्यात कुट्टीचा पातळ थर पसरायचा, तो तुडवायचा, कडा पुन्हा तुडवायच्या. हवा बहुधा कडेलाच राहते आणि बुरशीही तेथूनच शिरते. वर प्लास्टिकचा कागद घट्ट बसवून त्यावर वजन ठेवले, की चारा आंबत जातो आणि सामू (पीएच; तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) उतरून ४ च्या जवळ येतो. चाऱ्याबरोबर माती आत गेली असेल, तर तिच्यातील जिवाणू लोणी नासल्यासारखा वास आणतात; कापणी जमिनीलगत न करण्याचे कारण हेच.

साधारण ४५ दिवसांनी खड्डा उघडतात. पिवळसर हिरव्या कुट्टीला आंबूस, किंचित गोडसर वास आला, तर जनावरे गव्हाणीकडे स्वतःहून येतात; काळा पडलेला थर मात्र कितीही जीव तुटला तरी उकिरड्यावरच टाकावा लागतो.