सुईला लटकलेलं जळमट

स्क्रीनवर रेकॉर्ड प्लेयरच्या सुईला हे करडं बोंड लटकलंय ना, ती धूळ आहे आणि तिच्या आत कुठेतरी हिरा आहे. खरंच हिरा, इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना त्याचा आकार कळत नाही, आणि तो बसवलाय कॅन्टिलिव्हर नावाच्या एका नाजूक नळीच्या टोकावर. एलपी रेकॉर्डची एक बाजू २० मिनिटांची धरली तर तेवढ्यात ही सुई रेकॉर्डवरची ४०० मीटरच्या वर खाच चालून जाते, आणि वाटेत जे मिळेल ते, म्हणजे धूळ, बोटांचं तेल, जुन्या कव्हरचा कागदी भुगा, सगळं गोळा करत जाते. मग हिरा खाचेत नीट टेकत नाही, आवाज बोदा होतो, आणि गाण्यातले 'स' आणि 'श' फाटायला लागतात.

ठाण्यात धुळीला तोटा नाही. घोडबंदर रोडला काही ना काही खोदलेलं असतंच, आणि पावसाळ्यात हवा एवढी दमट की कव्हरला बुरशी धरलीच समजा, ती बुरशी खाचेत उतरते आणि खाचेतून सुईवर येते.

हे नौपाड्यातले काका. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज त्यांनी आधी शून्यावर आणलाय, नाहीतर सुईला ब्रश लागला की स्पीकरमधून धाडधाड आवाज येतो. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, बंद; सुई धरणारा दांडा, म्हणजे आर्म, स्टँडवर लॉक.

"काका, बोटाने नाही का काढत?"

"बोट? लावून तर बघ! अगं, आमच्या वडिलांच्या चावीच्या ग्रामोफोनला स्टीलची पिन असायची, एक बाजू वाजली की फेकायची आणि नवी लावायची. तिला कोण साफ करतंय! ही तशी नाही."

आता हात बघा. ब्रश मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बाजूने कार्ट्रिजच्या, म्हणजे आर्मच्या टोकावरच्या सुईच्या डबीच्या, तोंडाकडे. रेकॉर्ड फिरताना खाच सुईखालून ह्याच दिशेने सरकते, म्हणून कॅन्टिलिव्हरला ही दिशा सोसते. उलटा किंवा आडवा ब्रश मारला तर नळी वाकलीच, आणि वाकलेली नळी सहसा कोणी सरळ करून देत नाही. दोन-तीन हलके फटकारे, बस्स, बोंड ब्रशवर आलं.

चिकट मळ असेल तर काका पांढरा मेलामाइन स्पंज घेतात, तोच, भिंतीवरचे डाग घासायचा. कोरडाच. छोटा तुकडा सुईखाली ठेवायचा, आर्म वर-खाली करायच्या लिव्हरने सुई त्यावर टेकवायची, सरळ वर उचलायची, परत टेकवायची. बाजूला ओढायचं नाही, कारण स्पंज हिऱ्याला धरून ठेवतो आणि तुटते ती नळी.

सुई साफ करायच्या लिक्विडवर काकांचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांचं पटलं. काही कंपन्या स्वतःचं लिक्विड विकतात, काही सांगतात अजिबात वापरू नका. अल्कोहोल जास्त झालं तर ते नळीवरून आत चढून हिऱ्याच्या गोंदाला किंवा मागच्या रबराला लागू शकतं. आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डवर तर अल्कोहोल नकोच नको, लाख त्यात विरघळते. काकांचा नियम साधा आहे, प्रत्येक बाजूआधी रेकॉर्डवर कार्बन फायबरचा ब्रश आणि सुईवर छोटा ब्रश, मग लिक्विडची वेळच फारशी येत नाही.

"वाजवून सुया कमी तुटतात, फडक्याने जास्त," काका म्हणतात. धुणंभांड्याच्या मावशींना त्यांनी सांगून ठेवलंय, बाकी सगळा हॉल पुसा पण ह्या झाकणाला हात लावू नका, कारण फडक्याचा एक धागा अडकला की खेळ खलास.

झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलच्या रेघा आहेत, रेकॉर्डची एक बाजू वाजली की एक रेघ. सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास सांगतात, म्हणजे १००० धरले तर ३००० बाजू. झिजलेली सुई कितीही पुसा, ती खाच कोरतच जाते, आणि कोरलेली खाच भरून येत नाही. काकांची कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेटची, म्हणजे सुईबरोबर आत चुंबक हलतो अशी, तिची सुई पुढे ओढली की निघते, नवी तिथेच सरकवायची. मूव्हिंग कॉइल, म्हणजे चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलणारी, असती तर बहुतेक वेळा अख्खी कार्ट्रिजच बदलावी लागली असती, आणि तो खर्च ऐकून काकूंनी रेकॉर्डच विकायला काढल्या असत्या.