पहाटे पाचचं दार

न्यूयॉर्क शहराला लागून असलेलं लाँग आयलंड. इथल्या व्हॅली स्ट्रीम गावात ग्रीन एकर्स मॉल आहे आणि मॉलच्या आवारात वॉलमार्टचं दुकान. 27 नोव्हेंबर 2008, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचा गुरुवार. घरोघरी जेवणं उरकली आणि रात्री लोक या दुकानासमोर येऊन उभे राहू लागले. दुसरा दिवस ब्लॅक फ्रायडेचा, म्हणजे मोठ्या सवलतींच्या सेलचा. पहाटे पाचला दार उघडणार होतं.

आत 50 इंची प्लाझ्मा टीव्ही 798 डॉलरला लावला होता. ते मंदीचं वर्ष होतं. लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून दोन महिने झाले होते, नोकऱ्या रोज जात होत्या. थंडीत रात्र काढणाऱ्या या लोकांना हावरट ठरवायला वेळ लागत नाही. पण एरवी न परवडणारी वस्तू आज परवडेल, आणि तीही पहिल्या काहीजणांनाच, हे त्यांना जाहिरातीनेच सांगितलं होतं.

पहाटेपर्यंत सुमारे दोन हजार माणसं जमली. रांग केव्हाच मोडली होती. लोक काचेच्या दारांवर रेलत होते, थापा मारत होते. आतल्या बाजूला दुकानाचे कर्मचारी हातात हात घालून साखळी करून दार रोखून धरत होते. वेळ होता होता दार चौकटीतून उखडलं. काही कर्मचारी जीव वाचवायला व्हेंडिंग मशीनवर चढले. दाराशी असलेला एक कामगार खाली पडला, तो उठू शकला नाही.

वय 34. सणाच्या हंगामापुरता कामावर घेतलेला. अंगापिंडाने धिप्पाड, म्हणून त्याला दाराशी उभं केलेलं. त्याला सोडवायला धावलेल्या सहकाऱ्यांनाही लोंढ्याने रेटलं. तासाभरात रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं. दुकान त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा उघडलं.

तो तुडवला गेला, असं जगभर छापून आलं. शवविच्छेदनात कारण निघालं श्वास कोंडल्याचं. खाली पडलेल्याच्या अंगावर भार येतो आणि छातीला फुगायला जागाच उरत नाही. दाट गर्दीत तर उभ्या माणसाचाही जीव असाच जातो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं दाटली, की कुणाचं पाऊल कुणाच्या ताब्यात राहत नाही. पुढे माणूस पडलाय हे मागच्याला दिसत नाही. तो अर्धं पाऊल सरकतो, आणि अशा शेकडो अर्ध्या पावलांचा रेटा दारापाशी एकवटतो.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. तिथे कुठलाही सेल नव्हता. सकाळच्या वेळी कामाधंद्याला निघालेली माणसं होती ती.

व्हॅली स्ट्रीमच्या लोकांना मात्र जनावरं म्हटलं गेलं. पोलिसांनी कॅमेऱ्यांचं चित्रण तपासलं, पण एकाही ग्राहकावर गुन्हा दाखल झाला नाही. कोणाच्या धक्क्याने जीव गेला, हे ठरवणार तरी कसं? मला विचाराल, तर प्रश्नच चुकीच्या माणसांना विचारला जात होता. मोजका माल, एकच वेळ, एकच दार आणि रात्रभर वाढत जाणारा जमाव, ही सगळी मांडणी दुकानाची होती.

आपल्याकडे 26 जानेवारी 2006 ला बिग बझारने ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर केला, तेव्हाही इतके लोक लोटले की पोलीस बोलवावे लागले आणि काही दुकानं मध्येच बंद करावी लागली.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने, म्हणजे ओशाने, नंतर मोठ्या दुकानांसाठी सूचना काढल्या. कठडे अगदी दाराला भिडवू नका, दारापुढे मोकळी जागा ठेवा. रांगेला वळणं द्या, मध्ये खंड ठेवा, म्हणजे मागचा रेटा पुढे पोचत नाही. कमी मालाच्या वस्तूंसाठी मनगटावर बांधायचे पट्टे किंवा क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटा. कर्मचाऱ्यांना आधी शिकवा. यातलं काहीही महाग नाही. दोरी, कठडे, चिठ्ठ्या आणि चार शिकवलेली माणसं, एवढंच. त्या पहाटे हेच नव्हतं, याची चीड येते.

फौजदारी खटला टाळण्यासाठी वॉलमार्टने 2009 मध्ये जिल्ह्याच्या सरकारी वकिलांशी समझोता केला. सुमारे 20 लाख डॉलर दिले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या दुकानांत गर्दीचं नियोजन करायचं मान्य केलं. ओशाने ठोठावलेला दंड वेगळा होता: 7,000 डॉलर, तेव्हाचे साधारण साडेतीन लाख रुपये. वर्षाला 400 अब्ज डॉलरच्या आसपास विक्री करणारी ही कंपनी. पण दंड भरला, तर अशी गर्दी हा ओळखीचा धोका आहे हे कबूल केल्यासारखं होणार होतं. कंपनी लढत राहिली. 2011 मध्ये न्यायाधीशांनी दंड कायम केला, त्यावरही तिने दाद मागितली. ते अपील तिने मागे घेतलं 2015 मध्ये, त्या कामगाराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांहून जास्त काळाने.