जीपच्या दाराला कडी-कोयंडा

(दृश्य: उद्यमबाग, सकाळ. शटर वर जातं.)

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या आहेत, लेथ आहेत आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याचं काम करणारी अशी लहान गॅरेजं आहेत. समोर उभी आहे ती महिंद्राची जुनी ५४० जीप. चाकांच्या आत अजून जांबोटीची तांबडी माती चिकटलेली आहे.

(दृश्य: दाराचा क्लोजअप. हँडल हलवलं की खडखडतं.)

युद्धकाळातल्या मूळ विलिस जीपला दारंच नव्हती. महिंद्रानं १९४७ पासून त्या जीप इथं जुळवायला घेतल्या, आणि पुढं कितीतरी वर्षं ताडपत्रीचा हुड आणि ताडपत्रीचीच दारं, एवढंच गाडीबरोबर मिळायचं. या जीपची दारं मागाहून बसवलेली आहेत. २५ मिलिमीटरच्या अँगलची चौकट आणि तिच्यावर २० गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा. कुलूप म्हणायचं तर हँडलमधलं. पेचकस घालून पिळला की ते सुटतं.

अशा गाड्या खानापूरच्या वरच्या अंगाला अजून रोज राबतात. कणकुंबी, आमगाव, भीमगडच्या जंगलातली गवाळी, कोंगळा. पावसाळ्यात गाडी अलीकडेच, रस्ता संपतो तिथं ठेवायची आणि पुढं पायी जायचं. रात्रभर गाडी एकटी. आत जॅक, पाने, डिझेलचा कॅन, कधी खताची पोती. म्हणून दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवायचा.

(दृश्य: बाकावर मांडलेले सुटे भाग.)

कामाला लागतं ते हे सगळं. हलणारी पट्टी ती कडी, आणि कुलूप ज्यात अडकतं तो कडा म्हणजे कोयंडा. दोन्ही ३ मिलिमीटर जाडीचे. कडी बंद झाली की तिच्याखाली बोल्टांची डोकी झाकली जायला हवीत. डोकी उघडी राहणारी कडी दुकानात स्वस्त मिळते, पण ती गोठ्याच्या दाराला ठीक.

दुकानात मागताना एक गंमत लक्षात ठेवा. इकडच्या कन्नडमध्ये कीली म्हणजे कुलूप, आणि आपल्या किल्लीला ते म्हणतात कीलीकै. कीली मागितली आणि काउंटरवर नवा पोरगा असला की कुलपाऐवजी किल्ल्यांचा जुडगा पुढं येतो.

कुलूप ५० मिलिमीटरचं, दांडा ८ मिलिमीटरचा आणि आखूड. दांडा लांब असला की त्यात कटरचा जबडा नाहीतर पहार घालायला जागा मिळते. कोयंड्याचं भोक १० मिलिमीटरचं पुरे. दोन दारं आणि मागचा फाळका मिळून तीन कुलपं लागतील. एकाच किल्लीचा सेट मागा. पावसात, अंधारात, एका हातात बॅटरी धरून तीन किल्ल्या चाचपत बसायचं काम नाही.

(दृश्य: मिस्त्री वेल्डिंगचा होल्डर बाजूला ठेवतो.)

बहुतेक गॅरेजात पहिला सल्ला मिळतो, "वेल्डिंग मारून टाकू, पाच मिनिटांत होतंय." २० गेजच्या पत्र्यावर आर्क लावला की पत्रा जळून भोक पडतं. नाही पडलं तरी आतल्या बाजूचा रंग करपतो, आणि जिथं ब्रश पोचत नाही नेमका तिथूनच गंज सुरू होतो. कडीवर जस्ताचा मुलामा असेल तर त्याचा पांढरा धूर छातीत जातो. आणि उद्या कडी वाकली तर ती बदलायला ग्राइंडरच चालवावा लागतो. बोल्ट घाला. पॉप रिबिट तर मुळीच नको. ४ मिलिमीटरच्या ड्रिलनं ॲल्युमिनियमचं रिबिट काही सेकंदांत निघतं, आवाजही फारसा होत नाही.

(दृश्य: दार बंद होतं. मिस्त्री तळहातानं दाबून बघतो.)

आता जागा ठरवायची. जीपचं दार पुढच्या बिजागऱ्यांवर फिरतं, म्हणून कडी मागच्या कडेला, हँडलच्या खाली. आधी आतून बघून घ्या. काच सरकते कुठून, हँडलचा रॉड जातो कुठून. वरून हात फिरवून चौकटीचा अँगल कुठं आहे ते कळत नाही. बोटानं ठोकत जा, आवाज भरीव झाला की अँगल आला.

आणि इथं बघा. दाराचा पत्रा आणि बॉडीचा पत्रा एका पातळीत नाहीत, मध्ये बोटभर पायरी आहे. कडी तशीच ठोकली तर ती तिरकी बसते आणि कुलपाचा दांडा कोयंड्यात आवळतो. म्हणून जी बाजू खाली, तिच्या मागं पट्टीचं पॅकिंग. कडी हातोडीनं वाकवून जुळवायची नाही, तिची पिन कायमची वाकडी होते.

(दृश्य: मागच्या डाव्या चाकाखाली दगड सरकवतात.)

हा दगड कशासाठी? घाटरस्त्याच्या कडेला गाडी कधी सपाट उभी राहत नाही. एक चाक वर गेलं की चासी पिळते, बॉडीही पिळते, आणि दाराची फट वर एक, खाली एक होते. गॅरेजच्या कोब्यावर छान बसलेलं कुलूप चोर्ल्याच्या उतारावर उघडत नाही, ते यामुळंच. म्हणून दाराची बाजू आधी पक्की करायची. मग दार लावून, कडीत कोयंडा अडकवून, कुलूप घालून खूण करायची. एकदा सपाटीवर, एकदा दगडावर. दोन खुणांच्या मधोमध कोयंडा. कुलूप घातल्यावर सगळ्यात मिळून दोन मिलिमीटरची ढील राहू द्या. त्याहून कमी ठेवलीत तर कुलूप अडकतं, जास्त ठेवलीत तर पहारीचं टोक आत जातं.

(दृश्य: पंचाचा ठोका. ड्रिल. पत्र्याचा बारीक कीस.)

रंगावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर खूण, खुणेवर पंच. पंच नसला की ड्रिल घसरतं आणि रंगावर जन्मभराची रेघ राहते. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग साडेसहाचं. सावकाश, तेलाचा थेंब टाकत. भोकाच्या कडेची धार मोठ्या ड्रिलनं हातानंच दोन वेढे फिरवून काढायची.

आता बोल्ट. एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, २५ मिलिमीटर लांब, गोल डोक्याचा, डोक्याखाली चौकोनी मान असलेला. बाहेरून त्याला पाना लागत नाही, पेचकसही नाही. मान कडीच्या चौकोनी भोकात बसते, म्हणून बोल्ट जागच्या जागी फिरतही नाही. पण मान साधारण ४ मिलिमीटरची आणि कडी ३ मिलिमीटरची. उरलेली मान साडेसहाच्या गोल भोकात अडून बसते आणि कितीही आवळलं तरी कडी पत्र्याला टेकत नाही. नवशिक्याला वाटतं, बोल्टच खराब. उपाय हा.

(दृश्य: जुन्या ट्यूबमधून कात्रीनं तुकडा कापला जातो.)

ट्रकच्या जुन्या ट्यूबचा २ मिलिमीटर जाडीचा तुकडा, कडीच्याच मापाचा. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये. मानेला जागा मिळते, रंग घासत नाही, पाणी भोकात उतरत नाही. एका तुकड्यात तीन कामं.

बोल्ट घालण्याआधी भोकाच्या उघड्या कडेला रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, दोन हात. पहिला वाळल्यावर दुसरा. हे काम टाळलं की पहिल्याच पावसाळ्यात बोल्टाखालून तांबडा ओघळ येतो.

आतली बाजू कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, पण सगळी ताकद तिथंच आहे. कुलूप कितीही महागाचं असो, कडीखाली पहार घालून ओढलं की पातळ पत्रा फाटतो आणि बोल्ट नटांसकट बाहेर येतो. चार भोकांतली दोन अँगलवर येतात, तो अँगल ३ मिलिमीटरचा. उरलेल्या दोघांच्या मागं तेवढ्याच जाडीची पट्टी, म्हणजे पातळी सारखी. कोयंड्यामागं बॉडीच्या आतून तळहाताएवढी ३ मिलिमीटरची प्लेट. मग वायसर, मग आत नायलॉनची रिंग असलेला नट. साधा नट आणि स्प्रिंग वायसर खडीच्या रस्त्यावर महिन्याभरात ढिला होतो. आवळताना पत्र्याकडे बघा. तो आत बसायला लागला की थांबा.

(दृश्य: बिजागरीवर हातोडीचे ठोके.)

हे बहुतेक जण विसरतात. बिजागऱ्या बाहेर आहेत. कुलूप मागं, आणि पुढून पिन ठोकून काढली की अख्खं दार हातात. पिनेचं खालचं टोक ठोकून चपटं करायचं. बिजागरीच्या बोल्टांच्या डोक्यातल्या खाचा बुजवायच्या. इथं वेल्डिंगचा एक टाका चालेल, पत्रा जाड आहे. टाका मारण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

हुड ताडपत्रीचा असेल तर दाराची कुलपं हुडाला वाचवत नाहीत, ब्लेड पुरतं. मग किमती सामान चासीला बोल्ट केलेल्या लोखंडी पेटीत, आणि पेटीला हाच कडी-कोयंडा.

गाडी चालू करण्याआधी तिन्ही कुलपं काढून आत ठेवायची. बाहेरून कुलूप असताना माणसं आत बसली आणि गाडी ओढ्यात गेली किंवा पेटली, तर दार आतून उघडत नाही.

(दृश्य: जांबोटी रस्ता. पाऊस. दारावरचं कुलूप, त्यावर रबराची झडप.)

मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस लागला की आठवडाआठवडा उघडत नाही. पोलादी कुलूप तिथं गंजून धरतं, पितळी टिकतं. किल्लीच्या भोकात तेल सोडू नका. उन्हाळ्यात तांबडी धूळ त्यात बसते आणि तिचा चिखलाचा गोळा होतो. मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासायचं, किल्ली घालून दहा वेळा फिरवायची, मग फडक्यानं पुसायची. पावसाआधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. आणि कडीच्या वरच्या दोन बोल्टांखाली त्याच ट्यूबची लांब पट्टी अडकवून कुलपावर सोडायची. पाणी तिच्यावरून ओघळतं. चालत्या गाडीत रिकामी कडी दारावर आपटत नाही, तीही याच रबरामुळं.

जोडकिल्ली गाडीत ठेवायची नाही. बंपरच्या आत तारेनं बांधलेली किल्ली शोधायला कुणालाही दोन मिनिटं लागत नाहीत.