‘गेममध्ये मगर का नाही?’

आमच्या गेमच्या स्क्रीनवर खाली जे हिरवं दिसतंय ते भात, वर नदी, मधे मातीचा बांध आणि बांधातलं ते लाकडी दार म्हणजे मानस. गोव्यातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरून बघणाऱ्यांसाठी सांगतो, नदीकाठची खारी जमीन बांध घालून शेतीखाली आणली की तिला खाजन म्हणतात, भरती आली की पाण्याच्या दाबाने मानशीचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं, वीज नाही, मोटर नाही. आणि खारं पाणी एकदा का शेतात शिरलं तर पुढचे काही हंगाम भाताचं कठीणच. गेमसाठी यापेक्षा चांगला विषय कुठला?

तर आम्ही तिघांनी तो करायला घेतला. तिघेही फोंड्याचे, एक कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिफ्टला जातो, एक शाळेत शिकवतो, आणि मी. रात्री जेवून लॅपटॉप उघडायचा. कमाईसाठी कुणी सुरू केलं नव्हतं, निव्वळ हौस.

बनवायचं कशात हा प्रश्न आता फार मोठा राहिलेला नाही. गोडो नावाचं इंजिन आहे, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, अर्जेंटिनाच्या दोघांनी सुरू केलेलं, 2014 पासून ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, आणि फुकट. आमच्यासारख्यांना त्यात महत्त्वाचं म्हणजे 2023 च्या मार्चमध्ये गोडो 4 आलं तेव्हापासून देवनागरी नीट दिसते, त्याआधीच्या व्हर्जनमध्ये जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी भलत्याच ठिकाणी जायची, मराठीत गेम करायचा तर अक्षरांची चित्रं करून चिकटवायची वेळ यायची. गेम लोकांपर्यंत न्यायला इच डॉट आयओ ही वेबसाइट आहे, तिथे टाकायला पैसे लागत नाहीत आणि लोक थेट ब्राउझरमध्ये खेळतात. गुगल प्लेला एकदाच 25 डॉलर. कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम, तिथे प्रत्येक गेममागे 100 डॉलर.

इथपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. मग लोक खेळतात आणि बोलायला लागतात.

गोव्यात जत्रेला, काल्याला गावागावात हौशी नाटकं होतात, पडदा पडला की लोक सरळ रंगपटात घुसतात आणि तोंडावर सांगतात, दुसऱ्या अंकात तुझा आवाज बसला रे. गेमचे रिव्ह्यू तसेच असतात, फक्त सांगणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आणि चेहरा दिसत नाही म्हणून ते जास्त लागतात असं मला वाटतं.

पहिले आले ते असे, ‘पाणी खूप फास्ट येतं’, ‘स्पीड कमी करा’, एकाने तर एक स्टार देऊन फक्त ‘पाणी’ एवढंच लिहिलं. आता सरळ उपाय म्हणजे भरतीचा वेग कमी करायचा, कोडमध्ये एका आकड्याचं काम. पण आम्ही आधी लोकांना समोर बसवून खेळायला दिलं. शेजारची मुलं, माझी मावशी, कॉलेजचे दोघेतिघे. नियम एकच, आपण तोंड उघडायचं नाही, ‘अगं तिथे दाब’ असंही म्हणायचं नाही, फक्त त्यांची बोटं आणि डोळे बघायचे. हे भयंकर अवघड असतं, आपण बनवलेल्या गोष्टीत समोरचा माणूस अडकून बसलेला असतो आणि उत्तर आपल्या जिभेवर असतं, तरी गप्प राहायचं.

आणि दिसलं काय, तर सगळ्यांचे डोळे खाली भातावर. भरतीचा मीटर आम्ही ठेवलेला वर कोपऱ्यात, फोन आडवा धरला की तो बरोबर डाव्या अंगठ्याखाली जायचा. म्हणजे पाणी वेगात येत नव्हतं, ते येताना दिसत नव्हतं, आणि न दिसता आलेलं पाणी कुणालाही वेगातच वाटणार. मीटर काढून टाकला, त्याऐवजी नदीच चढताना दिसायला लागली, रंग गढूळ होतो, बांधाच्या पायथ्याशी फेस येतो. वेग आहे तोच ठेवला. स्पीडची तक्रार बंद झाली.

यावरून मी एक गोष्ट धरून चाललोय, खेळाडूला त्रास झाला असं तो म्हणतो तेव्हा तो झालेलाच असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण त्याने सुचवलेला उपाय जसाच्या तसा उचलायचा नाही, आधी तो नेमका कुठल्या क्षणी वैतागला तो क्षण शोधायचा. रिव्ह्यूत शब्द कमी असले तरी आजूबाजूला बरंच काही असतं. प्लेच्या कन्सोलवर, म्हणजे गेम बनवणाऱ्याला दिसणाऱ्या पानावर, रिव्ह्यूसोबत फोनचं मॉडेल आणि गेमचं व्हर्जन दिसतं, ‘हँग होतो’ लिहिणारे सगळे जुन्या, कमी मेमरीच्या फोनवाले निघाले तर शोध तिथूनच सुरू करायचा. स्टीमवर रिव्ह्यूच्या शेजारी त्या माणसाने किती तास खेळलं तेही दिसतं, दहा मिनिटांत सोडून गेलेल्याचं ‘बोअर आहे’ आणि तीस तास खेळलेल्याचं ‘बोअर आहे’ या अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, पहिला सुरुवातीबद्दल बोलतोय, दुसऱ्याला पुढे करायला काही उरलेलं नाही.

उत्तर देण्याबद्दल. प्लेवर उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे आणि ती आहे तेच बरं असं माझं मत झालंय, भांडायला पुरत नाही, काम सांगायला पुरते. काय सापडलं, कुठल्या व्हर्जनमध्ये दुरुस्त होईल, धन्यवाद. उत्तर दिलं की खेळाडूला कळवलं जातं आणि त्याला आपला रिव्ह्यू बदलता येतो, पण ‘स्टार वाढवा ना’ म्हणून मागे लागायचं नाही. गेममधली नाणी देऊन रेटिंग घेणं तर गुगलच्या नियमातच बसत नाही. ओळखीच्यांकडून पाच-पाच स्टार गोळा करायच्याही मी विरोधात आहे, त्याने आकडा सुंदर दिसतो आणि गेम कुठे दुखतोय ते झाकलं जातं. शिवीगाळ असेल तर रिपोर्ट करून पुढे जायचं, रात्री अकरानंतर उत्तर लिहायचं नाही, हा आमच्यातल्या मास्तराचा नियम आहे आणि तो आम्ही पाळतो.

हे लोकांचं बोलणं पेलणं सोपं नाही. व्हिएतनामच्या डाँग न्युएन यांनी 2013 मध्ये फ्लॅपी बर्ड हा मोबाइल गेम एकट्याने बनवला, पुढच्या फेब्रुवारीत तो डाउनलोडमध्ये सगळ्यात वर असताना त्यांनी स्वतःच काढून टाकला, सहन होत नाही म्हणून. एकटा माणूस आणि समोर एवढं जग. म्हणून मी म्हणेन की दोघं-तिघं मिळून करा आणि रिव्ह्यू वाचायची पाळी लावा, रोज एकानेच ते वाचू नयेत.

सगळ्यात कामाचं बोलणं मात्र फोनवर टाइप झालेलं नव्हतं. फोंड्याजवळच्या बोरी गावचे एक शेतकरी काका, त्यांच्या पुतण्याने त्यांना गेम दाखवला. सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये भरती आली की खेळाडूने बोटाने मानस बंद करायची असं आम्ही मुद्दाम ठेवलं होतं, खेळणाऱ्याला काहीतरी काम हवं म्हणून. काका म्हणाले, “अरे, मानस आपणच मिटते, तिला हात कोण लावतो? तू बांध बघ, बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात, त्यातून पाणी शिरतं. माणसाचं काम तिथे असतं.” आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. अख्खा गेम त्या वाक्यात होता. आता भरतीआधी बांधावरून फिरायचं, कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, भोकं शोधून चिखलाने बुजवायची, दार आपलं काम आपण करतं. शिवाय भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, गेममध्येही तसंच आहे, म्हणजे फेरीची वेळही सरकत राहते.

आणि मग काका म्हणाले, यात मगर का नाही?

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, टुरिस्ट बोटीतून बघायला जातात. पण बोरीकडे खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, मांगेथापणी, हे शहरातल्या किती जणांना माहीत असेल? त्यानंतर मगरीची मागणी इतरांकडूनही आली, बहुतेकांना ती शत्रू म्हणून हवी, दगड मारायचा, पॉइंट मिळवायचे. यावर आम्ही बरंच बोललो आणि नाही म्हणायचं ठरवलं. ज्या मातीत तिची पूजा होते तिथल्या गेममध्ये तिला मारायचं बटण आम्ही देणार नाही, मग त्यासाठी कुणी दोन स्टार देवोत, ते वाचू आणि उत्तरही देऊ. मगर येणार आहे, हंगामाच्या सुरुवातीला ती खेळाडूनेच बांधावर चिखलाने करायची आहे, डोळ्यांसाठी शिंपले शोधावे लागतील.

गेम अजून प्लेवर आलेला नाही, सध्या तो इचवरच आहे. नव्या पर्सनल अकाउंटला प्लेवर आधी किमान 12 टेस्टर, म्हणजे गेम खेळून तपासणारे, सलग 14 दिवस लागतात, आमचे नऊ झालेत. अँड्रॉइड फोन असेल आणि जे खटकेल ते तोंडावर सांगायची तयारी असेल तर खाली लिंक दिली आहे, तीन जागा आहेत.