आजी, जरा पाणी द्या

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील तर पोरांना झोपवा आणि नवरा-बायको दोघंही रेडिओजवळ या, आजचं बोलणं दोघांसाठी आहे. निरोधबद्दल, म्हणजे कंडोमबद्दल.

मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. आमच्या दारावर आयसीटीसी लिहिलेलं असतं, तिथं एचआयव्हीची तपासणी फुकट होते, नाव बाहेर जात नाही आणि निरोधही फुकट मिळतो. परत सांगते, फुकट. आशाताईंनी घरपोच द्यायची सोय २०११ साली सुरू झाली तेव्हा तीन निरोधांच्या पाकिटाला १ रुपया ठरला होता. मग घोडं अडतं कुठं? घेताना कोण बघतंय, तिथं अडतं.

आमच्या भागातल्या एका आजींची गोष्ट आहे, मी जाईन तिथं ती सांगतेच. बाजारचा दिवस होता, आजी येऊन बाकावर बसल्या, चार माणसं येऊन गेली तरी बसूनच. शेवटी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, सुनेचं लेकरू आठ महिन्याचं हाय, तिच्या अंगात रगत नाही. पोराला कायतरी द्या." मी लाकडी मॉडेल काढलं, म्हटलं निरोध कसा घालायचा ते दाखवू का, तर पदर सावरून खुर्ची पुढं ओढली. टोक चिमटीत कशाला धरायचं ते दोनदा विचारलं, आणि मेथीच्या जुड्यांखाली पाकिटं घालून गेल्या.

महिन्याभरानं मी त्यांच्या वस्तीवर गेले तर पाकिटं वरच्या फळीवर, पत्र्याला टेकून, हाताला चटका बसेल इतकी तापलेली. उष्णतेनं रबर कमजोर होतं आणि ऐनवेळी फाटतं. (कौलं काढून पत्रे टाकले तेव्हापासून आपल्या घरांचा थंडावाच गेला, कौलं ठेवायला हवी होती असं माझं ठाम मत आहे, असो.) आजींनी तेव्हाच जागा बदलली, माठाशेजारच्या कोनाड्यात.

पुढचं सगळं त्यांचं त्यांनी केलं. वस्तीवरच्या पोरांना निरोप गेला की नाव घ्यायचं नाही, "आजी, जरा पाणी द्या" एवढंच म्हणायचं. कुणी आलं की आजी तांब्या भरून ठेवतात आणि गोठ्याकडं निघून जातात. किती घेतले, कुणी घेतले, मागं वळून बघत नाहीत.

ते बघून आल्यावर मी आमची निरोधची पेटी बाकासमोरून काढली आणि हात धुवायच्या बेसिनच्या आडोशाला लावली. महिनोन्महिने भरलेली असायची ती पेटी, आता आठवड्याला भरावी लागते. घेणाऱ्याकडं बघायचं नाही, विचारायचं नाही, आणि बोलायचं असेल त्याला मात्र भरपूर वेळ द्यायचा.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली, शंभर वर्षं उलटली, तरी भार बाईवरच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर विवाहित बायकांमागं जवळजवळ ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याची नसबंदी झालीय अशा शंभरात एकसुद्धा नाही. मला याचा फार राग येतो, आणि ऑपरेशननं गुप्तरोग किंवा एचआयव्ही थांबत नाही, संततिनियमनाच्या साधनांत ते काम फक्त निरोध करतो.

बाकी थोडकं. पाकिटावरची तारीख बघा. खोबरेल तेल लावू नका, रबर खराब होतं. एक निरोध एकदाच. आणि थंड जागी ठेवा, पत्र्याखाली नको, पँटच्या मागच्या खिशात नको. काही विचारायचं असेल तर १०९७ लावा, पैसे पडत नाहीत.

परवा आजींचा फोन होता. कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे उसाचा हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या परत निघाल्यात, या खेपेला मोठी पिशवी आणा म्हणाल्या. उद्या पहिल्या एसटीनं निघतेय.